वाचनाची ओढ नसणाऱ्यासाठी मनाची पुस्तके

ग्रंथांची शिफारस करण्याचे काम बहुधा ग्रंथप्रेमी मंडळींच्या हाती असते, आणि म्हणून त्या शिफारशींचा लाभही बहुधा ग्रंथप्रेमी मंडळींनाच होतो. चारशे पृष्ठांचे पुस्तक हाती घेताच ज्याला आनंद वाटतो, त्याला हे सहसा उमगत नाही की, त्याच पुस्तकाच्या नुसत्या जाडीने एखादा सुजाण, कर्तबगार, चारचौघांत मान असलेला मनुष्य मनातल्या मनात माघार घेत असतो. प्रस्तुत लेखक या दुसऱ्या वर्गातला आहे. वाचन त्याला स्वभावतः जड जाते. पुस्तक उघडले तरी तो एका परिच्छेदावर अडतो, ते मिटतो आणि पुन्हा उघडण्यापूर्वी बराच काळ जाऊ देतो. तथापि मानसशास्त्र आणि मानसोपचार या विषयांतील पुस्तकांच्या सहवासात राहिल्यावर त्याचे असे ठाम मत झाले आहे की, निदान या एका प्रांतात तरी अडखळत वाचण्याची सवय ही उणीव नसून मोठी अनुकूलता आहे. या विषयावरील उत्तम पुस्तके वेगाने संपविण्यासाठी लिहिलेलीच नाहीत. मध्येच थांबून वाचकाने आपल्या स्वतःच्या वर्तनाकडे पाहावे, एखादी गोष्ट करून पाहावी आणि मगच पुढचे पान उलटावे, अशी त्यांची अपेक्षा असते. झपाट्याने वाचणाऱ्याला ही अपेक्षा पाळणे कठीण जाते; थांबत वाचणाऱ्याकडून ती आपोआप पाळली जाते.

या प्रकरणातील ग्रंथयादी अशा वाचकासाठी आहे. ती सर्वसमावेशक नाही, आणि तशी असावी असा हेतूही नाही.

आळस की आजार?

यादीकडे वळण्यापूर्वी एका गोष्टीचा खुलासा अवश्य केला पाहिजे. वाचनाचा कंटाळा हा दरवेळी स्वभावच असतो असे नाही. कित्येकदा तो विकाराचा अंश असतो. ज्याला आपण आज सर्रास डिप्रेशन म्हणतो त्या विषादाच्या विकारात चित्त एकाग्र न होणे हे वैद्यकाने मान्य केलेले लक्षण आहे, आणि एकच ओळ पुनःपुन्हा वाचूनही तिचा अर्थ मनात न उतरणे हा त्या लक्षणाचा नित्य अनुभव आहे. के रेडफील्ड जेमिसन या जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठात मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापक. उन्माद आणि विषाद यांच्या आळीपाळीने येणाऱ्या झटक्यांच्या विकारावरील प्रमाणग्रंथाच्या त्या सहलेखिका, आणि त्याच विकाराच्या रुग्णही. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅन अनक्वायट माइंड' या आत्मकथनात त्यांनी सांगितले आहे की, लिथियम या औषधाच्या त्या काळच्या मोठ्या मात्रेमुळे दहा वर्षांहून अधिक काळ गंभीर ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचणे त्यांना जवळजवळ अशक्य झाले होते, आणि तेवढ्या काळात त्या लहान मुलांच्या पुस्तकांकडे वळल्या होत्या. एवढ्या विदुषीची ही कैफियत वाचल्यावर वाचन होत नाही म्हणून स्वतःला दूषण देणाऱ्या सामान्य माणसाने आपला निवाडा थोडा तहकूब ठेवावा हे बरे. ज्याला पूर्वी सुखाने वाचता येत होते आणि अलीकडे झोप, भूक, उत्साह यांच्याबरोबर वाचनही मावळले आहे, त्याने ग्रंथयादी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांची गाठ घ्यावी.

आरंभ माणसांपासून

मानसशास्त्राचे वाचन पाठ्यपुस्तकापासून सुरू करावे असा एक समज रूढ आहे, आणि वाचनविमुख माणसाला या शास्त्राच्या उंबरठ्यावरूनच परत पाठविण्याचे श्रेय बहुतांशी या समजाकडे जाते. व्याख्या, वर्गीकरण आणि संप्रदायांचा इतिहास यांनी ज्याचा जीव दडपतो, त्याचेही कुतूहल एका माणसाची हकीकत ऐकताना जागे राहते. म्हणून आरंभ रुग्णकथांपासून करावा.

ऑलिव्हर सॅक्स या न्यूयॉर्कमधील मेंदूविकारतज्ज्ञाचे 'द मॅन हू मिस्टुक हिज वाइफ फॉर अ हॅट' हे 1985 सालचे पुस्तक या दृष्टीने पहिले घ्यावे. त्यात 24 प्रकरणे आहेत, प्रत्येक स्वतंत्र आहे, आणि कोणतेही कोठूनही वाचता येते. ज्याच्या हकीकतीवरून पुस्तकाला नाव मिळाले तो संगीतशिक्षक डोळ्यांनी उत्तम पाहू शकत असे, परंतु पाहिलेल्या गोष्टीची ओळख त्याला पटत नसे. हातमोजा हाती दिला तर त्याच्या पृष्ठभागाचे आणि पाच कप्प्यांचे अचूक वर्णन तो करी, मात्र ती वस्तू कशासाठी आहे हे त्याला सांगता येत नसे. तोच मनुष्य गुणगुणत असला म्हणजे आंघोळ, जेवण, कपडे करणे ही सारी कामे विनासायास उरकी, आणि गाणे खंडित झाले की त्याची कामेही खंडित होत. हे पुस्तक मानसोपचाराचे नव्हे, मज्जाशास्त्राचे आहे हे खरे. परंतु ज्याला आपण 'मी' म्हणतो ती वस्तू किती नाजूक सांध्यांनी जोडलेली आहे याचा असा प्रत्यय दुसरे पुस्तक क्वचितच देईल. सॅक्स यांनी ही लेखनपद्धती ज्यांना गुरुस्थानी मानून उचलली, त्या अलेक्झांडर लुरिया या रशियन शास्त्रज्ञाचे विलक्षण स्मरणशक्तीच्या एका माणसावरील पुस्तक, 'द माइंड ऑफ अ नेमोनिस्ट', तेही छोटेखानी आहे. काहीही विसरता न येणे हा शाप कसा ठरतो हे त्यावरून कळते.

आईबापांनी आणि शिक्षकांनी व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांचे 'डिब्स: इन सर्च ऑफ सेल्फ' हे 1964 सालचे पुस्तक वाचावे. शाळेत टेबलाखाली दडून बसणारा, कोणाशी न बोलणारा, मतिमंद असल्याचा संशय ज्याच्याविषयी घेतला जात होता असा डिब्स हा पाच वर्षांचा मुलगा वस्तुतः असामान्य बुद्धीचा असतो. त्याला शिकविण्याचा किंवा सुधारण्याचा कोणताही प्रयत्न न करता, वाळू, पाणी, रंग आणि बाहुल्या यांनी भरलेल्या एका खोलीत त्याला मन मानेल तसे खेळण्याची मुभा देऊन, त्याच्या प्रत्येक वाक्याकडे पूर्ण लक्ष देणारी एक स्त्री आठवड्यातून एक तास त्याच्याजवळ बसते. एवढ्याने काय घडले, हे सांगून टाकणे त्या पुस्तकावर अन्याय होईल.

तिसरे नाव मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांचे. 'लव्ज एक्झिक्यूशनर' या 1989 सालच्या पुस्तकात दहा रुग्णांच्या कथा आहेत, आणि त्यांचे मोठे वैशिष्ट्य असे की, वैद्य स्वतःला त्यांतून वगळत नाही. लठ्ठ बायकांविषयी आपल्या मनात किती तिरस्कार भरला होता आणि तो घेऊनच आपण एका लठ्ठ रुग्ण स्त्रीवर उपचार करण्यास कसे बसलो, हे यालोम यांनी कोणतीही सफाई न देता लिहिले आहे. त्यांच्याच 1974 सालच्या एका पुस्तकाची कुळकथा याहून बोधप्रद आहे. लेखणी अडलेल्या एका तरुण लेखिकेवर उपचार करताना त्यांनी शुल्काच्या ऐवजी अशी अट घातली की, प्रत्येक भेटीनंतर तिने त्या भेटीचा वृत्तांत लिहावा. स्वतःही तसाच वृत्तांत लिहिला. आणि काही महिन्यांच्या अंतराने दोघांनी एकमेकांचे कागद वाचले. ज्या मार्मिक अर्थनिरूपणांचा वैद्याला अभिमान वाटत होता त्यांचा मागमूसही तिच्या टिपणांत नव्हता. तिच्या लक्षात राहिला होता एखादा आपुलकीचा शब्द, तिच्या पोशाखाविषयी काढलेला एखादा सहज उद्गार. उपचार करणारा आणि उपचार घेणारा एकाच खोलीत बसून दोन भिन्न तास अनुभवीत असतात, ही गोष्ट या एका दाखल्याने जितकी स्पष्ट होते तितकी सिद्धान्ताच्या विवेचनाने होत नाही. आणि ज्याला दोन पृष्ठांपलीकडे एका वेळी जाववत नाही, त्याच्यासाठी याच लेखकाचे 'द गिफ्ट ऑफ थेरपी' हे 2002 सालचे पुस्तक आहे. त्यात 85 प्रकरणे असून त्यांपैकी बरीच दोन-चार पृष्ठांत संपतात.

ज्यांनी भोगले त्यांची जबानी

रुग्णकथा वैद्याच्या लेखणीतून येते. तिच्या जोडीला रुग्णाची स्वतःची जबानी वाचली नाही तर ज्ञान एकपक्षी राहते. क्लिफर्ड बीअर्स या अमेरिकन गृहस्थाचे 'अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ' हे 1908 सालचे पुस्तक या वर्गातील आद्य ग्रंथांपैकी होय. 1900 साली राहत्या घराच्या खिडकीतून उडी घेतल्यानंतर त्यांची सुमारे तीन वर्षे कनेक्टिकट राज्यातील तीन मनोरुग्णालयांत गेली, आणि त्या काळात त्यांची अशी पक्की धारणा झाली होती की, भेटीला येणारे नातेवाईक हे पोलिसांनी पाठविलेले तोतये आहेत. या भ्रमाचा निरास कसा झाला तो प्रसंग मननीय आहे. त्यांनी भावाला पत्र लिहिले आणि बजावले की, भेटीला येताना ओळखीचा परवाना म्हणून हेच पत्र बरोबर आणावे. तोतयाला ते पत्र मिळणे शक्य नाही, असा त्यांचा हिशेब होता. भाऊ आला, त्याने खिशातून पत्र काढून हाती ठेवले, आणि दोन वर्षे अभेद्य राहिलेला भ्रम त्या क्षणी ढासळला. कोणाच्या युक्तिवादाने जे झाले नव्हते ते रुग्णाने स्वतः योजलेल्या कसोटीने झाले. बीअर्स यांना पुढेही उन्मादाची अवस्था, कोंडवाडा आणि हात जखडणारा सदरा यांतून जावे लागले. परंतु बाहेर पडल्यावर त्यांनी हे पुस्तक लिहिले, विल्यम जेम्स यांच्यासारख्या थोर तत्त्वज्ञाने त्याला पाठिंबा दिला, आणि त्याच्या प्रसिद्धीनंतर एका वर्षात, 1909 साली, अमेरिकेत मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली. एका रुग्णाच्या फिर्यादीने एवढी चळवळ उभी केल्याचे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळा.

विषादाविषयी ज्याला एकच लहान पुस्तक वाचावयाचे आहे त्याने कादंबरीकार विल्यम स्टायरन यांचे 'डार्कनेस व्हिजिबल' वाचावे. ते 1990 साली पुस्तकरूपाने आले, आणि त्याची पृष्ठे शंभराच्या आत आहेत. आप्तांपैकी कोणी विषादाने ग्रासलेला असेल आणि 'मन घट्ट कर' एवढाच सल्ला ज्याच्या ओठांवर येत असेल, अशा निरोगी माणसालाच त्याची खरी गरज आहे.

व्हिक्टर फ्रँकल यांच्या पुस्तकाचे नाव पुष्कळांच्या कानावर असते. व्हिएन्नाचे हे मनोविकारतज्ज्ञ 1942 साली नाझींच्या तेरेझिनश्टाट येथील छळछावणीत गेले, 1944 साली औश्वित्झमध्ये पोहोचले, आणि 1945 च्या एप्रिल महिन्यात मुक्त झाले तोवर त्यांची पत्नी, आई, वडील आणि भाऊ यांचा अंत झाला होता. कोटात शिवून ठेवलेले ग्रंथाचे हस्तलिखितही छावणीत नष्ट झाले. मुक्ततेनंतर त्यांनी अवघ्या नऊ दिवसांत छावणीतील अनुभवांचे पुस्तक सांगून लिहवून घेतले, ते 1946 साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग' या नावाने जगभर पसरले. वाचनविमुख माणसाने त्याचा पूर्वार्ध वाचावा; उपचारपद्धतीचे विवेचन करणारा उत्तरार्ध पुढे सवडीने घेतला तरी चालेल.

हाती पेन्सिल घेऊन वाचावयाचे पुस्तक

इथवरच्या पुस्तकांनी समज वाढते. परंतु समज वाढणे आणि दुःख कमी होणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या कामासाठी निराळ्या जातीची पुस्तके लागतात, आणि त्यांत डेव्हिड बर्न्स यांच्या 'फीलिंग गुड' या 1980 सालच्या पुस्तकाची शिफारस प्रस्तुत लेखक निःसंकोच करतो. फिलाडेल्फियातील अ‍ॅरन बेक यांनी विषादाच्या रुग्णांच्या अभ्यासातून जी उपचारपद्धती सिद्ध केली, ती सामान्य वाचकाच्या हाती देणारे हे पुस्तक आहे. त्याचे मर्म एका कागदात आहे. कागदावर तीन स्तंभ आखावयाचे; पहिल्यात मन खचविणारा विचार जसा आला तसा लिहावयाचा, दुसऱ्यात त्या विचारातला दोष नोंदवावयाचा, आणि तिसऱ्यात पुराव्याला धरून असलेले उत्तर लिहावयाचे. 'माझ्या हातून एकही काम धड होत नाही' हे वाक्य मनात फिरत असते तोवर ते सत्यासारखे भासते. घरखर्चाच्या वहीतील संशयास्पद रकमेप्रमाणे ते एकदा कागदावर उतरले, म्हणजे त्याची रुजुवात करता येते.

या पुस्तकाविषयी जे म्हटले आहे ते भक्तीपोटी म्हटलेले नाही. त्याची तहकीकात झालेली आहे. फॉरेस्ट स्कॉगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विषादग्रस्त वृद्धांपैकी काहींना 'फीलिंग गुड' दिले, काहींना तुलनेसाठी फ्रँकल यांचे पुस्तक दिले, आणि पहिल्या गटात विषाद अधिक उतरल्याचे आढळले. यावरून फ्रँकल यांचा ग्रंथ हिणकस ठरत नाही. त्याचे कार्य निराळे आहे, एवढेच ठरते. एक पुस्तक जगण्याला अर्थ आहे असे सांगते, दुसरे आज सकाळी मनात आलेल्या विचाराचे काय करावे ते दाखविते, आणि अंथरुणातून उठवत नसलेल्या माणसाला आधी दुसऱ्याचीच गरज असते. अशा अभ्यासांची आणखी एक बाब लक्षणीय आहे: वाचकांची दर आठवड्याला दूरध्वनीवरून थोडक्यात विचारपूस केली जात असे. वाचनविमुख माणसाने हे सूत्र उचलावे. पुस्तकाबरोबर आठवड्याला 'कुठवर आलास?' असे विचारणारा एक स्नेही असावा. एकट्याच्या निश्चयापेक्षा त्या एका प्रश्नाचा आधार अधिक टिकतो.

याच कुळातील दुसरे नाव अल्बर्ट एलिस यांचे. तरुण वयात स्त्रियांशी बोलण्याची त्यांना विलक्षण भीती वाटे, तेव्हा वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधील वनस्पती-उद्यानात एका महिन्यात शंभरावर अनोळखी स्त्रियांशी स्वतः होऊन संभाषण करण्याचा परिपाठ ठेवला. विवाहाच्या दृष्टीने त्यांतून काहीच निष्पन्न झाले नाही, परंतु नकाराने आकाश कोसळत नाही हा अनुभव कायमचा पदरी पडला. आणि 1955 पासून त्यांनी जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली तिचे बीज या अनुभवात आहे. आपल्याला घटना छळत नाहीत, त्या घटनेविषयीचा आपला दुराग्रह छळतो, हा तिचा गाभा. आणि तो प्राचीन ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञांकडून आला हे एलिस यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. महाराष्ट्रात या पद्धतीचा प्रसार मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार राखून निष्ठेने केला, आणि अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे ती विचारसरणी मराठी वाचकाला कथारूपाने उपलब्ध झाली. ज्याला तात्त्विक विवेचन झेपत नाही त्याने या कादंबरीच्या वाटेने जावे. समर्थ रामदासांनी 205 श्लोकांत मनाला समोर बसवून उपदेश केला, आणि ते श्लोक लहानपणी पाठ केलेल्या मराठी माणसाला या पद्धतीतले, स्वतःच्या मनाशी दुसऱ्याशी बोलावे तसे बोलणे मुळीच परके वाटणार नाही.

मराठीतील पुस्तके

इंग्रजी वाचनाचा ज्याला दुहेरी भार होतो त्याच्यासाठी मराठीत सामग्री तुटपुंजी नाही. ठाण्याच्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या 1990 साली स्थापन झालेल्या संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मनोविकारांविषयी सुबोध मराठीत विपुल लेखन केले आहे. 'एका सायकिअ‍ॅट्रिस्टची डायरी' पासून आरंभ करावा. व्यसनाचा प्रश्न ज्या घरात आहे तेथे अनिल अवचट यांचे 'मुक्तांगणची गोष्ट' वाचले जावे; ब्राउन शुगरच्या विळख्यावरील त्यांच्या लेखमालेने पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे मन हेलावले, त्यांनी देणगी दिली, आणि 1986 साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले, ही हकीकत आपल्याच मातीतली आहे. अच्युत गोडबोले यांचे 'मनात' हे जाड पुस्तक मात्र सलग वाचू नये. मनोविज्ञानाच्या इतिहासातील एखादे नाव अडले की तेवढे पान उघडावे, असा त्याचा वापर करावा.

थोर ग्रंथांचे काय करावे?

विल्यम जेम्स यांनी मानसशास्त्राची मूलतत्त्वे सांगणाऱ्या ग्रंथासाठी प्रकाशकाशी 1878 साली करार केला आणि तो पूर्ण होण्यास बारा वर्षे लागली. 1890 साली दोन खंडांत आलेला तो ग्रंथ सुमारे चौदाशे पृष्ठांचा आहे. तो समग्र वाचण्याचा संकल्प वाचनविमुख माणसाने करू नये. त्यातील सवयीवरचे एकच प्रकरण वाचावे. शुभसंकल्पाची अंमलबजावणी पहिल्याच संधीला का केली पाहिजे, हे त्यात जसे सांगितले आहे तसे अन्यत्र सापडत नाही. फ्रॉइड यांच्या बाबतीतही स्वप्नमीमांसेच्या महाग्रंथाऐवजी विसरणे, जिभेची चूक, हरवलेली वस्तू या रोजच्या गोष्टींवरील 1901 सालचे पुस्तक घ्यावे, आणि त्यातील प्रत्येक निष्कर्ष मान्य करण्याचे बंधन स्वतःवर घालू नये. थोर ग्रंथाचे एक प्रकरण वाचून ते अमलात आणणारा त्या ग्रंथाशी अधिक इमानदार असतो.

पुस्तकाचा अखत्यार

शेवटी, पुस्तकाचा अखत्यार कोठवर चालतो हेही सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये 2003 साली कार्डिफ येथे नील फ्रूड यांनी औषधाच्या चिठ्ठीप्रमाणे पुस्तकाची चिठ्ठी देण्याची योजना सुरू केली, आणि 2013 पासून तशी योजना इंग्लंडभर सार्वजनिक ग्रंथालयांच्या साहाय्याने राबविली गेली. परंतु तेथेही हा उपाय सौम्य व मध्यम त्रासासाठी मानला जातो. जेथे भास होत आहेत, जेथे जीव नकोसा झाला आहे, जेथे अन्नपाणी सुटले आहे, तेथे पुस्तक पुढे करणे हा अपराध आहे. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. ताबडतोब कोणी सापडत नसेल तर केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास खुला असतो. जेमिसन यांनीही औषधाने आपला जीव राखला आणि संवादोपचाराने औषध घेत राहण्याचे बळ दिले, असाच हिशेब मांडला आहे. त्यात कोणत्याही ग्रंथाला त्यांनी वैद्याची जागा दिलेली नाही.

ही मर्यादा मान्य करून जो वाचू लागेल त्याने वर्षाला चार पुस्तके पुरेशी मानावीत: एक वैद्याची कथा, एक रुग्णाची जबानी, एक पेन्सिलीने वाचावयाचे पुस्तक, आणि एक आपल्या भाषेतले. पुस्तक संपले की नाही हा प्रश्न स्वतःला विचारू नये. ते वाचल्यानंतर घरातल्या एखाद्या माणसाचे बोलणे आपण मध्येच न तोडता ऐकले काय, किंवा टाळलेली डॉक्टरांची भेट घेतली काय, हे विचारावे. उत्तर होकारार्थी आले तर साठाव्या पानावर मिटलेले पुस्तकही पूर्ण वाचले असे समजावे. आणि नकारार्थी आले तर पाचवे पुस्तक विकत न आणता त्याच साठ पानांकडे परत जावे. भराभर वाचणाऱ्याला हे परत जाणे कमीपणाचे वाटते. ज्याला मुळातच घाई नाही, त्याला ते सहज जमते, आणि या शास्त्राचा उपयोग त्यालाच अधिक होतो.